रक्ततपासणीच्या यादीतून मी गाळलेलं नाव

डॉक्टरांनी ईराला डोळे मिटायला सांगितलं. कापसाची बारीक वात तिच्या गालाला लावली आणि म्हणाल्या, "कुठे लागलं तिथे बोट ठेव." ईराने गालावर बोट ठेवलं. मग मनगटावर, मग कोपरावर. प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी. शेवटी डॉक्टरांनी तिच्या डाव्या दंडावरच्या फिकट चट्ट्याला कापूस लावला. एकदा, दोनदा, तीनदा. ईरा डोळे मिटून वाट बघत बसली होती.

"लावा ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कापूस बाजूला ठेवला. "हॅन्सन्स डिसीज," त्या मला म्हणाल्या, आणि माझा कोरा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "लेप्रसी. म्हणजे कुष्ठरोग. एकच चट्टा आहे, हातापायाची ताकद शाबूत आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. पूर्ण बरी होईल." मग कागद पुढे ओढत त्यांनी विचारलं, "चट्टा पहिल्यांदा कुणी पाहिला?"

मी तोंड उघडायच्या आत ईरा म्हणाली, "अज्जीने. दसऱ्याच्या सुट्टीच्या आधी."

आठ वर्षांच्या लेकीला कुष्ठरोग झाल्याचं कळून एक मिनिटही झालं नव्हतं. पण मला आधी जाणवली ती भीती नव्हती. हेवा होता. चट्टासुद्धा तिलाच आधी दिसला, असं माझ्या मनात आलं. भीती नंतर आली, जिन्यात.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरात असा कापूस कधी कुणाला लागला नाही, त्यांच्यासाठी. हा आजार आता उरलाच नाही असं मलाही वाटत होतं. तो आहे, आणि चांगल्या शाळेत जाणाऱ्या, रोज आंघोळ करणाऱ्या मुलांनाही होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. या गोष्टी कुठल्याही पत्रकात मिळतील. पत्रकात जे नसतं ते माझ्याकडून घडलं, म्हणून ते सांगते.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. अमोलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची नोकरी म्हैसूरला लागली आणि आम्ही बोगादीला फ्लॅट घेतला. मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. ईरा दोन वर्षांची असताना मी पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हा कुणीतरी रुक्माक्कांचं नाव सुचवलं. शहरातल्या जुन्या अग्रहार वस्तीत राहणाऱ्या, साठीच्या, एकट्या. नवरा गेलेला, मुलगा बेंगळूरला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मराठी बोलणाऱ्या. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी हसले होते. "या की, कुतकोळ्ळा, बसा. मगूला ऊटा झालंय का?" मगू म्हणजे मूल, ऊटा म्हणजे जेवण. त्यांच्या घरातले पुरुष पूर्वी कापड रंगवायचे, त्यावर ठसे मारायचे. किती पिढ्यांमागे ते लोक म्हैसूरला आले हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून सहा वर्षं ईरा दुपार आणि संध्याकाळ अक्कांच्या घरी. ती त्यांना अज्जी म्हणू लागली, म्हणजे आजी. शाळाही अग्रहाराजवळचीच बघितली, म्हणजे अक्का तिला चालत नेऊ शकतील. मी सात वाजता ऑफिसातून निघून तिला घ्यायला जायची. महिनाअखेरीला मला उशीर झाला की ईरा तिथेच झोपायची, अक्कांच्या कुशीत, एका गोधडीत.

सगळ्यांना वाटायचं, किती नशीबवान आहात. अशी माणसं मिळतात कुठे आता? मी हसून मान हलवायची आणि आतून जळायची.

खोटं कशाला बोलू. ईरा माझ्या घरी येऊन माझ्याशी अक्कांच्या मराठीत बोलायची त्याचा मला राग यायचा. "आई, बेडा," म्हणायची, नको म्हणायच्या ऐवजी. ताप आला की "अज्जीला बोलाव" म्हणायची. तिच्या दुधाच्या दातांपैकी तीन अक्कांच्या घरी पडले. अक्कांनी ते एका डबीत जपून ठेवले होते आणि मला कौतुकाने दाखवले. मी कौतुकाने बघितले. घरी जाऊन अमोलशी भांडले, कशावरून ते आठवत नाही.

आणि डोसा. अक्का तव्यावरचा डोसा उलथन्याने उलटत नसत. बोटांनी. कड उचलायची, चिमटीत धरायची आणि धुराच्या तव्यावर अलगद उलटा टाकायचा. गरम कढई फडक्याशिवाय उतरवायच्या. ईरा समोर पाटावर बसून टाळ्या वाजवायची. मी एकदा विचारलं, "अक्का, भाजत नाही?"

"रंगाऱ्याचा हात गं हा," त्या म्हणाल्या. "आमचे लोक उकळत्या रंगात हात घालायचे. माझा सासरा, माझा नवरा, सगळे. आमच्या हाताला बिसी काय आणि थंड काय."

बिसी म्हणजे गरम. अक्का स्वतः रंगाच्या हंड्यापाशी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, त्यांच्या लग्नाआधीच ते काम बंद पडलं होतं. पण घराण्याचा गुण सुनेलाही लागतो अशी त्यांची खात्री होती, शेजारपाजाऱ्यांचीही, आणि माझीसुद्धा. एका रविवारी मी घरी डोसे घातले आणि ईरा बघत असताना बोटांनी उलटायला गेले. दोन बोटांना फोड आले. ईराने फुंकर घातली आणि म्हणाली, "जाऊ दे आई, तुला नाही येणार. ते अज्जीलाच येतं."

दसऱ्याच्या आधी अक्कांनी मला खरंच सांगितलं होतं. "मगूच्या दंडावर पांढरट आहे स्वल्प. डॉक्टरला दाखव." मी म्हटलं, "जंत असतील. बघते मी." तिची आंघोळ दुसऱ्या कुणी घातलेली, तिचा दंड दुसऱ्या कुणी न्याहाळलेला, हे मला सोसलं नाही. मी जंतांचं औषध दिलं आणि विषय संपवला. चट्टा वाढला तेव्हा चार महिने उलटून गेले होते.

आता पुन्हा दवाखान्यात.

निदानाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर एक फॉर्म घेऊन बसल्या. याला कॉन्टॅक्ट लिस्ट म्हणतात, म्हणजे रुग्णाच्या सहवासातल्या माणसांची यादी. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. उपचार न घेतलेल्या माणसाच्या श्वासातून, शिंकेतून, वर्षानुवर्षांच्या सहवासातून तो दुसऱ्याकडे जातो. लहान मुलाला झाला म्हणजे आसपासच्या मोठ्या माणसाला आधीच झालेला असण्याची शक्यता खूप, आणि त्याला ते माहीत नसण्याचीही. म्हणून घरातल्या प्रत्येकाला तपासायचं, आणि रक्तही घ्यायचं.

"घरात कोण कोण?" सिस्टरने विचारलं.

"मी आणि हिचे बाबा."

"आणखी कुणी? जवळचं, रोजच्या सहवासातलं?"

अमोल त्या दिवशी गाडी लावायला खाली गेला होता. ईरा वजनकाट्यावर उभी राहून स्वतःचं वजन वाचत होती. सिस्टरचं पेन तिसऱ्या ओळीवर थांबलं होतं. घर म्हणजे घर, मी मनात म्हटलं. जी बाई आपल्या घरात राहत नाही, ती घरातल्यांच्या यादीत कशाला? सहा वर्षं सगळ्या जगाने तिला माझ्या घरात आणून बसवलं होतं. निदान या एका कागदावर तरी ती बाहेरची राहू दे.

"नाही," मी म्हटलं. "एवढेच."

ईराने माझ्याकडे बघितलं.

रक्त द्यायला आम्ही तिघं बाकावर बसलो. आमच्या शेजारी एक बाई तीन मुलं घेऊन आली होती, सोसले नावाच्या गावाकडची. ओळीने तिघांचं रक्त द्यायचं होतं. तिचा दीर, जाऊ, सासू, सगळी आली होती, डबे घेऊन, आणि आळीपाळीने मुलांना मांडीवर घेत होती. मला तिचाही हेवा वाटला. कुणाचं नाव गाळायचं हा प्रश्न तिला पडलेला दिसत नव्हता.

या तपासणीचं नाव अँटी पीजीएल-वन. कुष्ठरोगाचा जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी झगडायला अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तात किती आहेत ते यात बघतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही. आम्ही गेलो तिथे आजारी मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं रक्त घेत होते. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, ते तुम्हीही लक्षात ठेवा. या रक्ताने रोग ठरत नाही. रोग ठरतो तो कापसाने, बोटांनी नसा चाचपून, आणि गरज पडली तर स्किन स्मिअरने, म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन आतला रस काचेवर घेऊन. रक्त फक्त सांगतं की हा जंतू या शरीराला भेटला आहे का, आणि किती.

रिपोर्ट यायला जवळजवळ आठ आठवडे लागले. त्या दिवसांत मी काय केलं ते सांगते. मी रजा घेतली, मग घरून काम मागून घेतलं. अक्कांना फोन करून म्हटलं, ईराच्या अंगावर ॲलर्जी उठली आहे, काही दिवस येणार नाही. त्या म्हणाल्या, "अय्यो पाप, मी येऊ का?" मी म्हटलं, "नको, डॉक्टर नको म्हणतात." डॉक्टर असं काही म्हणाल्या नव्हत्या. शाळेतसुद्धा पाठवा म्हणाल्या होत्या.

आणि लाज सोडून सांगते, मी सुखात होते. रोज संध्याकाळी ईरा माझ्यापाशी होती. मीच तिला गोळी द्यायची. महिन्याचा पहिला डोस दवाखान्यात सिस्टरसमोर, बाकीच्या गोळ्या घरी, पत्र्याच्या पाकिटातून, रोज एक चौकोन फोडून. पहिल्या डोसानंतर लघवी लाल होते, घाबरायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं, अक्कांना नाही. लेकीला आजार झाला आणि आईला ती परत मिळाली, असा हिशेब माझं मन मांडत होतं. अमोलने एकदा विचारलं, "अक्कांना सांगितलंस का? त्यांनाही तपासायला हवं ना?" मी म्हटलं, "यादीत फक्त घरातले घेतात." त्याला माझं हे दुखणं ठाऊक होतं, आणि त्याच्यावर औषध नाही हेही.

रिपोर्ट आले. अमोलचं रक्त स्वच्छ. माझं स्वच्छ. ईराच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर.

शहाण्या बाईने देवाचे आभार मानले असते. मी तो कागद हातात धरून बसले आणि मला रडू आलं. माझ्या रक्तात काही नव्हतं. जे तिला होतं त्याच्याशी माझी गाठच पडली नव्हती. नऊ महिने पोटात वाढवली ती मी, आणि तिच्या रक्तात दुसऱ्याच कुणाच्या सहवासाची खूण. हा वेडेपणा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. रोगासाठीसुद्धा बाई जळते, तिला काय म्हणायचं?

डॉक्टरांना वाटलं, मी भीतीने रडते आहे. त्या म्हणाल्या, "स्वच्छ रक्त म्हणजे तुम्ही तिच्याजवळ नव्हता असं नाही. बहुतेकांचं शरीर हा जंतू परतवून लावतं. पण एवढं दिसतंय की हिला तो खूप काळ भेटत राहिलाय, आणि बहुधा तुमच्या दोघांकडून नाही. मूल सगळ्यात जास्त कुणाजवळ असतं?"

"माझ्याजवळ," मी म्हटलं.

त्यांनी ईराकडे वळून चट्ट्याची काळजी समजावली. इथे तुला लागलेलं कळत नाही, भाजलं तरी कळणार नाही. म्हणून गरम भांड्याजवळ जायचं नाही आणि रोज चट्टा नीट बघायचा. ईरा शहाण्यासारखी मान हलवत होती.

परतताना रिक्षात ती बराच वेळ दंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, म्हणजे अज्जीसारखं?"

"काय अज्जीसारखं?"

"अज्जीला पण भाजत नाही ना."

रिक्षा बोगादी रस्त्याला लागली होती. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तो डोसा, ती कढई, टाळ्या, माझी दोन भाजलेली बोटं. रंगाऱ्याचा हात. ज्या गोष्टीसाठी मी त्या बाईवर सहा वर्षं जळले, ती कला नव्हती. तिच्या हाताला काही कळत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मी तशीच रिक्षा अग्रहाराकडे वळवली. नाही वळवली. तीन दिवस लागले. अक्कांना तपासायला न्यायचं म्हणजे यादीत नाव घालायचं, आणि नाव घालायचं म्हणजे आधी का गाळलं ते सांगायचं. शिवाय मनाचा एक कोपरा म्हणत होता, बघ, तिच्यामुळेच झालं. तिसऱ्या दिवशी ईराने जेवताना विचारलं, "अज्जीच्या गोळ्या कोण देतं?" मी म्हटलं, "कुणी नाही." ती म्हणाली, "मग तिचं बोट आणखी वाकडं होईल." कुठलं बोट वाकडं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी एकटीच गेले. अक्का दारातच म्हणाल्या, "मगू कुठंय? माझ्यावर सिट्टू आहे का तिचा?" सिट्टू म्हणजे राग. मी म्हटलं, तिचा नाही. त्यांनी कॉफी ठेवली. उकळतं पातेलं नेहमीसारखं हातांनी उतरवलं. या वेळी मी हात बघितला. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आतल्या बाजूला वळलेलं. अंगठ्याजवळचा फुगीर भाग बसलेला. तळव्यावर जुन्या भाजल्याचे तीन डाग आणि एक ताजा, अजून ओला.

त्या उजवा हात टेकून, मागे वळून डाव्या हाताने साखरेचा डबा काढत होत्या. मी माझ्या पेनाचं टोक त्यांच्या करंगळीला लावलं, मग तळहाताच्या कडेला, डॉक्टरांनी कापूस लावला होता तसं. त्या बोलत राहिल्या. ईराच्या शाळेच्या बाई भेटल्या होत्या, आठवण काढत होत्या. मी जरा दाबून बघितलं. त्या बोलतच होत्या.

"अक्का," मी म्हटलं, "बसा. सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. ॲलर्जी नाही, कुष्ठरोग. त्यांना शब्द कळायला क्षणभर लागला. "दोड्ड रोग?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "महारोग?" मी हो म्हटलं. त्यांनी आपला हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि पदराखाली घेतला.

"माझ्यामुळं झालं मगूला," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्याच.

सहा वर्षं मी वाट बघत होते की एका तरी गोष्टीत ही बाई माझ्यापुढे खाली मान घालेल. ती घातली होती, आणि मला ती बघवेना. मी डॉक्टरांची वाक्यं एकामागून एक म्हणून दाखवली. कुणाची चूक नसते. तुम्हालाही कुणाकडून तरी आला असेल, वीस वर्षांपूर्वी. बरा होतो. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मग मी जे डॉक्टरांनी शिकवलं नव्हतं ते बोलले. "अक्का, सुरुवातीलाच तुमचं नाव मागितलं होतं त्यांनी. मी मुद्दाम दिलं नाही."

"का गं?"

"ईरा माझ्यापेक्षा तुमची जास्त आहे म्हणून."

त्या उठल्या, माझा कप उचलला आणि म्हणाल्या, "कॉफी गार झाली. सुम्ने बस, दुसरी करते." सुम्ने म्हणजे गपचूप. मी गपचूप बसले. पातेलं उतरवायची वेळ आली तेव्हा मी उठून फडकं घेतलं. त्यांनी घेऊ दिलं.

डॉक्टरांनी अक्कांच्या कोपरामागची नस बोटाने चाचपली. ती दोरीएवढी जाड होती. पाठीवर चट्टे होते, जे एकट्या बाईला स्वतःला कधी दिसले नसते. कानाच्या पाळीतल्या स्मिअरमध्ये जंतू सापडले. रक्तात प्रतिपिंडं ईराहून कितीतरी जास्त. याला मल्टिबॅसिलरी म्हणतात, म्हणजे अंगात जंतू पुष्कळ. गोळ्या सहा महिने नाही, वर्षभर. पण पहिल्या काही डोसांतच दुसऱ्याला लागण्याचा धोका संपतो, हे डॉक्टरांनी अक्कांना कन्नडमध्ये तीनदा सांगितलं.

मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही बाई मुलीला सहा वर्षं सांभाळते. तुम्ही तेव्हा नाव का नाही दिलं?"

"हेवा वाटत होता," मी म्हटलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. "त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसला. मी विचारलं, आठ आठवडे आधी आणलं असतं तर बोटं सरळ झाली असती का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित दोन वर्षं आधी आणायला हवं होतं, कदाचित त्या आठ आठवड्यांनीही फरक पडला असता. हे "कदाचित" माझ्याजवळ राहणार आहे. त्याच्यावर गोळी नाही.

ईराचे सहा महिने संपले. चट्टा पुसट झाला, कापूस लागलेला आता कळतो. अक्कांचे अजून चार महिने आहेत. गोळ्यांनी त्यांचा रंग जरा काळवंडला आहे, तो हळूहळू परत येतो म्हणतात. करंगळी सरळ झाली नाही, पण पुढे वाकलीही नाही. डोसा उलथन्याने उलटतात आणि ईरा त्यांना "अज्जी, सांडशी" म्हणून दटावते. रोज संध्याकाळी ती त्यांचे हातपाय पाण्यात भिजवायला लावते, तेल लावते आणि कुठे फोड, चीर, भाजलेलं आहे का ते बोट बोट करून बघते. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने बघायचं असतं, असं सिस्टरने तिला शिकवलं आहे. मी सातला पोचते तेव्हा दोघी दिव्याखाली डोकं लावून बसलेल्या असतात आणि मी आलेली कुणाला कळत नाही. मला अजूनही हेवा वाटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण आता मी चप्पल काढून शेजारी बसते आणि डावा पाय माझ्याकडे घेते.

ज्यांच्यापुढे उद्या तो फॉर्म येईल त्यांना माझं एवढंच सांगणं. जे नाव द्यायला जीभ अडते, ते आधी द्या.

एक गोष्ट मी मागे ठेवली होती. अक्कांचं निदान झालं त्या दिवशी तोच फॉर्म पुन्हा निघाला. आता रुग्ण अक्का होत्या आणि त्यांच्या घरातल्यांची यादी हवी होती. सिस्टर त्याच, पेन तेच. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, घरात कोण कोण?

मी खिडकीपाशी उभी होते. ही बाई एकटी राहते, लिहायला कुणी नाही, असं मला वाटलं. मुलाचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, तो बेंगळूरला, वर्षातून दोनदा येतो. मग त्यांनी वाकडी बोटं मुडपून मोजायला सुरुवात केली. "मोम्मगळु," म्हणजे नात, आणि ईराचं नाव सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, तिचं रक्त झालंय, पण नव्या यादीतल्या मोठ्यांचं पुन्हा घ्यायचं. "मगळु," म्हणजे लेक, आणि माझं नाव सांगितलं. "अळिया," म्हणजे जावई, आणि अमोलचं.

पहिलं नाव ईराचं, माझं दुसरं, हे माझ्या लक्षात आलंच.

सिस्टरने यादी बघितली आणि मान वर करून मला विचारलं, "तुम्ही यांच्या घरातल्या?"

मी बोगादीला राहते. त्यांच्या घरात मी सहा वर्षांत कधी अर्ध्या तासाहून जास्त बसले नव्हते.

"हो," मी म्हटलं, आणि रक्त द्यायला बाही वर केली.